अमेरिकेच्या चेहऱ्यावरचा वांग

सुट्टीवर भारतात निघण्याआधी घरी फोन करून "काय आणू?" असं विचारायची इथल्या सगळ्यांची पद्धत आहे. पूर्वी उत्तरं ठरलेली असत. बदाम, परफ्यूम, मल्टिव्हिटॅमिनच्या मोठ्या बाटल्या. अलीकडे यादीत एक भर पडली आहे. काकू, मावशी, बहिणीच्या सासूबाई, सगळ्यांना "तिकडचं ते डागांवरचं क्रीम" हवं असतं. "इथलं काय, सगळं भेसळीचं रे. तिकडे कसं, कायदे कडक!" असं त्यावर स्पष्टीकरणही मिळतं.

डाग म्हणजे आपला वांग. तिशी-चाळिशीत, बहुतेक वेळा बाळंतपणानंतर, गालांवर, कपाळावर आणि वरच्या ओठावर उमटणारे तपकिरी चट्टे. डॉक्टर त्याला मेलाझ्मा म्हणतात. सुश्रुताने क्षुद्ररोगांत 'व्यंग' नावाने ज्याची नोंद केली तोच हा, आणि आपला शब्दही तिथूनच आला. क्षुद्र म्हणजे किरकोळ. पण आरशात रोज तोच दिसत असेल तर त्या बाईला तो किरकोळ कसा वाटेल? आपल्याकडे त्यावर सहाणेवर दुधात उगाळलेलं जायफळ, डाळीचं पीठ नि साय, मसुरीची डाळ, लिंबू, कच्च्या बटाट्याची चकती असे घरोघरचे उपाय आहेत.

मी त्वचेचा डॉक्टर नाही, पॉलिमरवर काम करणारा संशोधक इंजिनियर आहे. पण या क्रीमच्या नळीवर 'हायड्रोक्विनोन' हे नाव वाचलं आणि कान टवकारले, कारण हे गृहस्थ माझ्या रोजच्या ओळखीचे. स्टायरीन किंवा अ‍ॅक्रिलेट बाटलीत ठेवल्या ठेवल्या आपोआप घट्ट होऊ नये म्हणून त्यात हायड्रोक्विनोन किंवा त्याचं एखादं भावंड चिमूटभर घालतात. जुन्या काळी कृष्णधवल फोटो धुण्याच्या द्रावणातही तेच असे. आमच्या प्रयोगशाळेत ते हातमोजे घालून हाताळतात. हे रसायन माणसाच्या गालापर्यंत पोचलं कसं, हे शोधायला बसलो, तर अमेरिकेचा दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा एक वेगळाच इतिहास हाती लागला. आणि त्यातही एक हातमोजाच निघाला! पण ते पुढे.

आधी स्वयंपाकघरापासून. एकोणिसाव्या शतकातली अमेरिका म्हणजे बहुतांशी शेतकरी देश. गोऱ्या कातडीला ऊन लागलं की नाका-गालांवर बारीक ठिपके उठतात. त्यांना फ्रेकल्स म्हणतात, आपल्याकडे त्याला वेगळा शब्द नाही कारण आपल्याला ते फारसे होत नाहीत. शेतात राबणारी बाई आणि माडीवर बसणारी बाई यांतला फरक चेहऱ्यावरून कळायचा. दक्षिणेतल्या गुलामगिरीच्या राज्यांत तर रंग हाच माणसाचा दर्जा. म्हणून मुलींना मोठ्या झालरीची टोपी आणि हातमोजे घातल्याशिवाय उन्हात सोडत नसत. एवढं करूनही डाग पडलेच तर घरगुती उपाय: ताक, ताकात भिजवलेली टॅन्झी नावाची वनस्पती, लिंबाचा रस, लिंबात टाकणखार, दुधात किसून घातलेलं हॉर्सरॅडिश (मुळ्याच्या जातीचं एक झणझणीत मूळ). नावं बदलली तर हे पान आपल्या एखाद्या 'आजीबाईच्या बटव्या'त खपून जाईल.

ठिपके वेगळे आणि वांग वेगळा, हे त्या बायकांनाही माहीत होतं. वांगाला त्या 'मॉथ पॅचेस' म्हणत. मॉथ म्हणजे लोकरीच्या कपड्यांना लागते ती कसर. पहिल्या बाळंतपणानंतर चेहऱ्याला कसर लागली, असं काहीसं त्या शब्दात ऐकू येतं.

हे उपाय कितपत चालत असतील? इथे थोडं रसायनशास्त्र सांगतो, कंटाळू नका. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, म्हणून आपण फोडी पाण्यात टाकतो. वांग्यात आणि बटाट्यात तांबं असलेलं एक एन्झाइम असतं, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन फेनॉल जातीच्या रसायनांना तपकिरी करतं. आपल्या त्वचेतला टायरोसिनेज हा त्याचाच चुलतभाऊ. तोही तांबं बाळगून असतो आणि टायरोसीनपासून मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य बनवायची सुरुवात करतो. म्हणजे वांगं आणि वांग यांचं नातं नुसत्या उच्चारापुरतं नाही! चिरलेल्या फोडीवर लिंबू पिळलं तर ती काळी पडत नाही, आणि मग गालावरही तसंच होईल असं वाटणं साहजिक आहे. फरक इतकाच की मेलॅनिन बनवणाऱ्या पेशी त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी, साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतक्या खोल असतात आणि वर मृत पेशींची घट्ट कौलं रचलेली असतात. लिंबाचा रस तिथवर पोचत नाही. पोचतो तो वरच्या थराला झोंबायला. त्वचेचा पीएच साधारण पाच आणि लिंबाचा दोनच्या आसपास. तीन एककांचा फरक म्हणजे आम्लता हजारपट. सावळ्या त्वचेची आग झाली की ती बरी होताना तिथेच नवा काळा डाग ठेवून जाते.

लिंबू लावून उन्हात गेलं तर आणखी वाईट. लिंबाच्या, विशेषतः हिरव्या लिंबाच्या सालीत फ्युरोकुमरिन नावाची द्रव्यं असतात. ती उन्हातल्या अतिनील किरणांनी चेकाळतात आणि त्वचा भाजते, मग महिनोन्‌महिने काळे चट्टे राहतात. इथे उन्हाळ्यात समुद्रकिनारी बसून मार्गारिटात लिंबं पिळणाऱ्यांच्या हातांवर असे चट्टे उठतात, त्याला 'मार्गारिटा बर्न' असं लाडकं नावही आहे. गंमत अशी की आपल्या वैद्यांनी हीच गोष्ट उलट्या कामाला वापरली. कोडाच्या पांढऱ्या डागांवर बावचीचं तेल लावून उन्हात बसवतात ना? बावचीत त्याच कुळातली द्रव्यं आहेत. १९७४ साली हार्वर्डच्या डॉक्टरांनी सोरॅलेन आणि अतिनील किरण यांची जोडी सोरायसिसवर वापरून दाखवली, ती याच तत्त्वावर. म्हणजे त्वचा काळी करायला जे वापरायचं तेच आपण डाग घालवायला गालावर चोळतो.

ताकाचं तसं नाही. त्यात लॅक्टिक आम्ल असतं, ते वरच्या मृत पेशी हलकेच सुट्या करतं. आजही महागड्या 'पील'मध्ये लॅक्टिक आम्ल असतंच, प्रमाण जास्त एवढंच. ताकाने वांग जात नाही, पण नुकसानही होत नाही. डाळीचं पीठ नि साय यांचंही तेच. पुढचा इतिहास वाचताना ताकवाल्या बायकांबद्दल मला आदरच वाटत गेला.

कारण पुढे आली बाटली. यादवी युद्धाच्या सुमारास, रेल्वे, छापखाना आणि पेटंट औषधं यांच्या जोरावर सौंदर्यप्रसाधनं स्वयंपाकघरातून दुकानात गेली. १८६९ साली न्यूयॉर्कचे नावाजलेले शल्यविशारद डॉ. लुईस सेयर यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनपुढे तीन तरुण स्त्रियांच्या केसेस मांडल्या. तिघींचीही मनगटं लुळी पडली होती, हात उचलला की पंजा खाली लोंबायचा. हे शिशाच्या विषबाधेचं ठरलेलं लक्षण, पण तोवर ते रंगाऱ्यांत दिसायचं, चांगल्या घरच्या बायकांत नाही. तिघीही 'लेअर्ड्स ब्लूम ऑफ यूथ' नावाचं गोरं करणारं द्रावण चेहऱ्याला लावत होत्या, आणि त्यात शिसं होतं. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या आरोग्य मंडळाचे रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स चँडलर यांनी बाजारातली प्रसाधनं आणून एकेक तपासली. 'पेरीज मॉथ अँड फ्रेकल लोशन', म्हणजे खास आपल्या वांगावरचं औषध, त्यात त्यांना पारा आणि जस्त सापडलं. पाऱ्याचा क्लोराइड, आपल्याकडच्या रसकापराच्या घराण्यातला. तो लावला की वरची कातडी सोलून निघते आणि खालची काही दिवस उजळ दिसते. गिऱ्हाईक खूश!

यापुढची पायरी म्हणजे पोटातून आर्सेनिक. १९०२ सालच्या सीअर्स रोबकच्या कॅटलॉगमध्ये (खेड्यापाड्यांत पोस्टाने माल पाठवणारी ही कंपनी त्या काळची अ‍ॅमेझॉनच) 'आर्सेनिक कॉम्प्लेक्शन वेफर्स' मिळत, आणि ते अगदी निर्धोक असल्याची हमीही सोबत. सोमल थोडं थोडं वर्षभर पोटात गेलं की त्वचेवर पावसाचे थेंब पडावेत तसे काळे-पांढरे ठिपके उठतात. पश्चिम बंगालमध्ये आर्सेनिकयुक्त भूजल पिणाऱ्या गावांत डॉक्टर याच ठिपक्यांवरून रोग ओळखतात. डाग घालवायच्या वड्या डागच देऊ शकत होत्या.

१९०६ साली अमेरिकेत शुद्ध अन्न आणि औषधांचा पहिला मोठा कायदा झाला. त्यात प्रसाधनांचा उल्लेखच नव्हता. चेहऱ्याला लावायचं ते ना अन्न ना औषध, त्यामुळे कुणाचंच नाही. या मोकळ्या मैदानात पाऱ्याची क्रीमं तीसेक वर्षं मनसोक्त धावली. टेनेसी राज्यातल्या पॅरिस गावचं (होय, तिथेही एक पॅरिस आहे) 'नॅडिनोला' हे त्यांतलं एक प्रसिद्ध नाव. या क्रीमांमधला मुख्य घटक अमोनिएटेड मर्क्युरी. टायरोसिनेजमधल्या तांब्याची जागा पारा अडवतो आणि मेलॅनिन बनणं थांबतं. म्हणजे क्रीम खरंच काम करायचं, आणि हीच त्यातली मोठी अडचण. जे अजिबात चालत नाही ते लोक चार दिवसांत सोडून देतात.

जाहिराती वाचताना एक गोष्ट मला फार बोचली. गोऱ्या बायकांच्या मासिकांत हे 'फ्रेकल क्रीम' असायचं, ठिपके घालवणारं. तशीच क्रीमं कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांत 'ब्लीच' किंवा 'व्हाइटनर' म्हणून यायची, रंग उजळवून नोकरी, नवरा आणि मान मिळवून देणारी. पारा तोच, पण एकीला सांगायचं की तुझ्यावर डाग आहे आणि दुसरीला सांगायचं की तू स्वतःच डाग आहेस. याला अपवाद म्हणून मादाम सी. जे. वॉकर यांचं नाव घ्यावं लागेल. गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापांची ही मुलगी केसांच्या औषधांवर मोठी उद्योजिका झाली, पण रंग उजळवायचं क्रीम तिने आपल्या हयातीत विकलं नाही. १९१९ साली ती वारली. त्यानंतर तिच्याच कंपनीने 'टॅन-ऑफ' नावाचं क्रीम बाजारात आणलं.

१९३३ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, घातक पण कायदेशीर मालाचं एक प्रदर्शनच भरवलं. पापण्यांच्या रंगाने डोळे गेलेल्या बायकांचे फोटो, केस काढायचं थॅलियमचं क्रीम वगैरे. वर्तमानपत्रांनी त्याला 'चेंबर ऑफ हॉरर्स' असं नाव दिलं. त्यानंतर पाच वर्षं ओढाताण होऊन १९३८ चा कायदा झाला आणि प्रसाधनं पहिल्यांदा सरकारच्या नजरेखाली आली. तरी पाऱ्याच्या क्रीमांवर बंदी यायला १९७३ साल उजाडलं. चँडलरच्या अहवालापासून मोजली तर शंभराहून जास्त वर्षं! माझ्या काकूंच्या कल्पनेतली 'कडक कायद्यांची अमेरिका' ही इतकी अलीकडची आहे.

आता तो हातमोजा. १९३९ साली ऑलिव्हर, श्वार्ट्झ आणि वॉरन या तीन डॉक्टरांनी एक चमत्कारिक व्यावसायिक रोग नोंदवला. चामड्याच्या कारखान्यातल्या कामगारांच्या हातांवर आणि कोपरापर्यंत कोडासारखे पांढरे डाग पडत होते. त्यात कृष्णवर्णीय कामगार बरेच असल्यामुळे ते चटकन नजरेत भरले. ज्यांच्या अंगावर डाग होते ते रबरी हातमोजे घालून काम करत. मोज्यांतलं रबर लवकर कडक होऊन तडकू नये म्हणून त्यात एक अँटिऑक्सिडंट मिसळलेलं होतं: हायड्रोक्विनोनचा मोनोबेंझिल ईथर. आम्ही पॉलिमरवाले आजही अशीच मंडळी रबरात घालतो. हे रेणू दिसायला टायरोसीनसारखे, त्यामुळे टायरोसिनेज फसतो, त्यांनाच पकडतो, आणि त्यातून तयार झालेली द्रव्यं रंगपेशीलाच मारतात.

कामगारांच्या रोगातून कुणाला धंदा सुचावा, हे अमेरिकेत नवल नाही. ते द्रव्य घातलेली क्रीमं आली आणि लोकांच्या चेहऱ्यावर चुन्याचे शिंतोडे उडावेत तसे कायमचे पांढरे ठिपके पडू लागले. आज ते फक्त अशा रुग्णांना देतात ज्यांचं कोड अंगभर पसरलंय आणि उरलेला रंग काढून टाकणं एवढाच मार्ग राहिलाय. मग संशोधक त्याच्या सौम्य भावाकडे, साध्या हायड्रोक्विनोनकडे वळले. १९६५ मध्ये अर्न्ट आणि फिट्झपॅट्रिक यांनी त्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. हे थॉमस फिट्झपॅट्रिक म्हणजे त्वचेच्या प्रकारांची पट्टी बनवणारे. १९७५ सालच्या त्यांच्या मूळ पट्टीत गोऱ्या त्वचेचेच चार प्रकार होते. आपण सावळे लोक पाचवे-सहावे म्हणून नंतर जोडले गेलो.

त्याच १९७५ साली फिलाडेल्फियाचे डॉ. अल्बर्ट क्लिगमन यांनी विलिस यांच्यासोबत तीन औषधांचं एक मिश्रण जाहीर केलं: हायड्रोक्विनोन ५ टक्के, ट्रेटिनॉइन ०.१ टक्का आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ०.१ टक्का. तिघांपैकी एक काढलं तरी परिणाम घटतो, आणि तिन्ही एकत्र असली तर सामान्य काळी त्वचाही पाच ते सात आठवड्यांत रंगहीन होते असं त्यांनी दाखवलं. वांगावरचं हे आजवरचं सर्वांत गाजलेलं औषध. पण क्लिगमन हे नाव साधं नाही. १९५१ ते १९७४ या काळात फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात कैद्यांच्या त्वचेवर त्यांनी असंख्य प्रयोग केले. कैदी बहुतेक कृष्णवर्णीय, खटला उभा राहायची वाट पाहणारे, जामिनाला पैसे नसलेले. थोड्याशा डॉलरसाठी ते पाठ नि हात पुढे करत. अ‍ॅलन हॉर्नब्लम यांनी १९९८ साली 'एकर्स ऑफ स्किन' हे पुस्तक लिहून तो सगळा प्रकार उघड केला, आणि २०२२ साली फिलाडेल्फिया शहराने जाहीर माफी मागितली. तोवर क्लिगमन वारलेले होते.

हायड्रोक्विनोन मात्र दुकानांतून राज्य करत होतं. १९८२ मध्ये एफडीएने दोन टक्क्यांपर्यंत ते विनाचिठ्ठी विकायला तात्पुरतं चालवून घेतलं. दक्षिण आफ्रिकेतून त्याच्या अतिवापराने चेहरा उलट निळसर-काळा पडल्याच्या केसेस १९७५ पासून येत होत्या. युरोपने २००१ मध्ये प्रसाधनांतून ते हद्दपार केलं. एफडीएने २००६ मध्ये परवानगी काढून घ्यायचा प्रस्ताव मांडला आणि तो चौदा वर्षं तसाच पडून राहिला. शेवटी २०२० च्या कोविड मदत कायद्यात औषध नियमांच्या सुधारणा घुसवल्या गेल्या, त्यात हे प्रकरण आपसूक मिटलं. त्या वर्षीच्या सप्टेंबरपासून अमेरिकेत हायड्रोक्विनोनचं क्रीम डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. तेव्हा "तिकडचं क्रीम" कुणाला आणून देणं आता मला शक्यच नाही.

याउलट भारतात क्लिगमनचं मिश्रण, त्यातलं स्टेरॉइड बदलून, कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मागितलं की मिळत असे. आधी चेहरा काचेसारखा उजळतो. मग स्टेरॉइडने कातडी पातळ होते, लाली येते, पुटकुळ्या उठतात, लव वाढते, आणि क्रीम थांबवलं की आग आग होते म्हणून पुन्हा तेच लावायचं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, बारा केंद्रांवर केलेल्या एका पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड वापरत होते. त्वचातज्ज्ञांच्या संघटनेने बराच पाठपुरावा केल्यावर २०१८ मध्ये सरकारने अशी चौदा स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीच्या यादीत टाकली. दुकानदार चिठ्ठी मागतो की नाही, हे वाचकांनी आपापल्या गल्लीत पाहावं.

पाराही संपलेला नाही. २०१० मध्ये कॅलिफोर्निया आणि व्हर्जिनियात मेक्सिकोहून आलेली बिनलेबलची क्रीमं वापरणाऱ्या घरांत पाऱ्याची विषबाधा आढळली, आणि त्यात क्रीम कधीही न लावणारी मुलंसुद्धा होती. पारा टॉवेलला, उशीला, आईच्या हाताला लागून घरभर फिरतो. केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांना जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण मिळाले. त्यांतल्या १५ जणांत एक दुर्मीळ प्रकार निघाला आणि त्या १५ पैकी १३ जण रंग उजळवायची क्रीमं लावत होते. आणि २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची बातमी आली. एकाच घरातल्या तीन स्त्रियांच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती, तिघी एकच 'हर्बल' क्रीम वापरत होत्या, आणि मुंबईच्या केईएममध्ये केलेल्या तपासणीत त्या क्रीममध्ये पारा सापडला. १८६९ सालचे डॉ. सेयर आणि त्यांच्या तिघी रुग्ण मला इथे हटकून आठवतात.

मग वांगावर करायचं काय? डॉक्टर ट्रेटिनॉइन, अ‍ॅझेलेइक आम्ल आणि ठरावीक मुदतीसाठी हायड्रोक्विनोनही देतात, आणि वांग परत येतो हेही प्रामाणिकपणे सांगतात. सगळ्यांचा भर मात्र उन्हापासून बचावावर असतो. त्यातला ताजा भाग मला इंजिनियर म्हणून आवडला. २०१० मध्ये डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलच्या संशोधकांनी दाखवलं की नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही सावळी त्वचा काळवंडते आणि तो रंग बरेच दिवस टिकतो. गोऱ्या त्वचेत तसं होत नाही. साधं पांढरं सनस्क्रीन अतिनील किरण अडवतं, हा प्रकाश आरपार सोडतं. तो अडवायला सनस्क्रीनमध्ये रंग लागतो, आणि तो रंग म्हणजे आयर्न ऑक्साइड. आपण कुंड्यांना फासतो तो गेरू! कुंडीचा गेरू लावू नये, कारण त्यात शिसं-आर्सेनिक किती असेल ते कुणी मोजलेलं नसतं. पण प्रसाधनासाठी शुद्ध केलेला आयर्न ऑक्साइड घातलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन आता भारतातही मिळतं. घेताना घटकांच्या यादीत आयर्न ऑक्साइड आहे का ते पाहायचं, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतूनही हा प्रकाश येतोच, म्हणून घरात असतानाही लावायचं.